दगडाखालचा कोळसा

न्यायाधीशाला सगळं कळतं असं मानणारी माणसं दोनच. एक, पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढणारा खेडूत, आणि दुसरा, नुकतीच नेमणूक झालेला न्यायाधीश. खेडुताचा भ्रम दोन तारखांत उतरतो. दुसऱ्याचा उतरायला कधी कधी अख्खी नोकरी जाते. माझी गेली.

मी निजामाच्या राज्यात मुन्सिफ होतो. बिदर आणि गुलबर्गा या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर माझ्या बदल्या होत राहिल्या. मुन्सिफ म्हणजे दिवाणी कोर्टाची सर्वांत खालची पायरी. घराची भिंत, शेताचा बांध, वाटणी, दत्तक, असल्या भांडणांचा पहिला निवाडा त्याने करायचा. माणसं मराठीत नाहीतर कानडीत भांडायची, पेशकार ते उर्दूत लिहून घ्यायचा आणि निकालही उर्दूतच व्हायचा. पेशकार म्हणजे कागद पुढे ठेवणारा आणि जबान्या लिहून घेणारा कारकून. माझे पेशकार गफूरसाहेब जनवाड्याचे. तिन्ही भाषा त्यांच्या जिभेवर खेळत. एखादा फिर्यादी रागाच्या भरात कानडी शिवी हासडायला लागला की ते टाक दौतीत बुडवून थांबत आणि अदबीने विचारत, "साब, ये भी लिखूं के नक्को?"

संपादकांनी मला पत्र लिहून 'कोर्टातल्या गमती' मागितल्या आहेत. गमती आहेत, एखादी सांगतोही. पण उतारवयात माणसाला गमती आठवत नाहीत, ज्या गोष्टींचा स्वतःवर राग येतो त्या आठवतात. मला एकच आठवते आणि ती गमतीची नाही.

ती समजायला आमच्या धंद्यातली एक खोच आधी सांगायला हवी. न्यायाधीश कायदा शिकलेला असतो, बाकी तो तुमच्या-माझ्यासारखाच अडाणी. जखम कशाने झाली, सही कुणाची, दागिना खरा की खोटा, हे त्याला कळेलच असं नाही. अशा वेळी जाणकाराला बोलवायची कायद्यात सोय आहे. आमच्या वेळी त्याला 'माहिर' म्हणत. साध्या साक्षीदाराने पाहिलं-ऐकलं तेवढंच सांगायचं. 'मला असं वाटतं' म्हणाला की समोरचा वकील ताडकन उठलाच. कोर्टात मत द्यायची मुभा एकट्या माहिराला. म्हणूनच त्याला खुर्ची देणं हे जोखमीचं काम. एकदा तो बसला की वकील, पक्षकार आणि खुद्द न्यायाधीश त्याच्या तोंडाकडे बघत राहतात, आणि निकाल नकळत त्याच्याच तोंडून येतो.

तेव्हा माहिर नेमायचा की नाही, हे ठरवणं न्यायाधीशाच्या हातात असतं. मी स्वतःला तीन प्रश्न विचारत असे. ही गोष्ट साध्या अकलेने मला कळण्यासारखी आहे का? कळण्यासारखी असेल तर माहिर कशाला? दुसरा, जो येणार आहे त्याला खरंच येतं का, आणि तो ते कुठे शिकला? आणि तिसरा, तो जे सांगेल ते दुसऱ्या कुणाला पडताळून बघता येईल का? हा तिसरा प्रश्न कुठल्या पुस्तकातला नाही, माझा स्वतःचा. त्याची मला फार घमेंड होती.

तो मला सुचला एका भुतावरून. एका माणसाने घर विकत घेतलं आणि महिन्याभरात सौदा मोडायला कोर्टात आला. म्हणे माडीवर पैंजण वाजतात आणि विकणाऱ्याने हे लपवून ठेवलं. "सायब, म्या रोज ऐकायलोय," असं त्याने शपथेवर सांगितलं. त्याच्या वकिलाने सरळ अर्जच दिला की निंबर्ग्याच्या अमुक मांत्रिकाला माहिर म्हणून नेमावं. मांत्रिकही कपाळाला भंडारा लावून हजर. मी विचारलं, "तू भूत आहे म्हणालास, तर ते आहे हे मला कसं कळायचं?"

"माज्या सबूदावर इस्वास ठिवा की, सायब."

"आणि विश्वास नसला तर?"

"मग तुमीच ऱ्हावा तितं चार दिस. त्येला कोर्टबिर्ट कळत न्हाई."

कोर्ट खदखदून हसलं. मी अर्ज फेटाळला आणि हुकुमात लिहिलं की जे सांगणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला पाहता येत नाही, ती श्रद्धा असेल, माहिराचं मत नव्हे. गफूरसाहेबांनी ते झोकदार उर्दूत उतरवलं. आसपासचे वकील कितीतरी दिवस ते वाक्य एकमेकांना ऐकवत होते आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो.

यानंतर सुरईचं प्रकरण आलं. एका जहागिरदाराच्या घरची जुनी बिदरी सुरई काळेपणा उतरला म्हणून बिदरच्या एका कारागिराकडे दिली होती. परत आली तेव्हा जहागिरदार म्हणाले, ही आमची नव्हेच, आमची याने ठेवून घेतली आणि नक्कल दिली. बिदरी काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जस्त आणि तांब्याचं ओतीव भांडं असतं, त्यावर छिन्नीने नक्षी कोरतात, त्या चरांत चांदीची तार ठोकून बसवतात आणि मग किल्ल्यातल्या जुन्या मातीचा लेप देतात. भांडं काळंभोर होतं, चांदी तशीच पांढरी राहते. आता ही सुरई तीच की दुसरी, हे माझ्या बापजन्मात मला कळलं नसतं. म्हणून त्याच गल्लीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादांना मी माहिर नेमलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

त्यांनी सुरई मांडीवर घेतली आणि वेलीच्या नक्षीवरून नख फिरवलं. "ये तो हमारे बडे भई का काम है, साब," ते म्हणाले. "उनो डावे हात से काम करते थे. पत्तों का काट देखो, उलटा झुकता."

जहागिरदारांच्या घरातून त्या जोडाच्या दोन तबकड्या आणवल्या. भिंग घेऊन मी पाहिलं, दोन्ही वकिलांनी पाहिलं. सगळ्यांवर पानांचा काप तसाच उलट्या बाजूला कललेला. डोळे असलेल्या कुणालाही दिसावं असं ते होतं. मी दावा काढून टाकला. त्या दिवशी जेवण गोड लागलं.

अपिलात माझा निकाल उलटला. वरच्या न्यायमूर्तींनी लिहिलं की निरक्षर कारागीर, सनद नाही, त्यात प्रतिवादीच्याच धंद्यातला. मुन्सिफाने राजधानीतून मान्यताप्राप्त माहिर बोलवायला हवा होता. आणि पुढे एक वाक्य होतं, जे मला आजही पाठ आहे, 'बाजारातल्या बोलण्याला इल्म समजण्याची या मुन्सिफाची सवय चिंताजनक आहे.' हा शेरा माझ्या नोकरीच्या कागदांत जाऊन बसला. माझ्या मागून लागलेले दोघे माझ्या पुढे गेले. कारागिराने दुकान बंद करून बिदर सोडलं. मला त्याचं वाईट वाटलं. खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला माझ्या शेऱ्याचं वाटलं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी ताक फुंकायच्या अवस्थेत असताना गुरुबाईचा खटला माझ्यापुढे आला.

गाव बिदर जिल्ह्यातलं, माझ्या कोर्टापासून चार कोसांवर. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. गुरुबाई चाळिशीची विधवा, बसवण्णाला मानणाऱ्या घरातली. घरात कानडी, बाजारात मराठी. तिच्या नवऱ्याने शेताच्या कडेला विहीर खणली. त्या शिवारात कुणाला लागलं नव्हतं असं पाणी तिला लागलं. दोन वर्षांनी तो तापाने गेला. त्या लोकांत दहन करत नाहीत, मातीत ठेवतात. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला विहिरीशेजारी ठेवलं आणि वर लहानशी दगडी समाधी बांधली. आणखी वर्ष सरलं आणि शेजारचे शेतमालक, गावचे माली-पाटील, म्हणजे सारा वसूल करणारे, व्यंकटराव कोर्टात आले. त्यांचं म्हणणं, विहीर आमच्या हद्दीत आहे. बंदोबस्ताच्या, म्हणजे सरकारी मोजणीच्या, वेळी रोवलेला हद्दीचा दगड पाहा. दगड खरोखरच विहिरीच्या पलीकडे, गुरुबाईच्या बाजूला होता.

गुरुबाई जबानीत म्हणाली, "सायब, हीर खंदली तवा ह्येच पाटील नारळ फोडाय आलते. तीन साल कायबी बोलले न्हाईत. पाणी आटंना, तवा बांध आठवला त्येस्नी."

"नारळ फोडताना कुणी पाहिलं?"

"समद्या गावानं."

समद्या गावातून पाटलाविरुद्ध बोलायला एकही माणूस आला नाही. एक सोडून. तो हणमंता, गावचा वतनदार महार, सत्तरीचा, पाठीत वाकलेला, पण आवाज खणखणीत.

आता इथे रिवाज सांगतो. त्या भागात हद्दीचं भांडण झालं की महाराचा शब्द शेवटचा. गावाची शीव आणि शेताचे दगड राखणं हे त्याचं पिढीजात काम. पाटील, कुलकर्णी सगळे त्याच्या मागून चालत आणि तो जिथे काठी टेकेल तिथे हद्द. ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्या काठीला मात्र मान. आमच्या गावगाड्यात असले चमत्कार पुष्कळ होते.

त्याच माणसाने कोर्टात मात्र दाराबाहेर ओसरीत उभं राहून जबानी द्यायची. तसा कायदा नव्हता. कुणीतरी कधीतरी पाडलेली रीत होती. मुन्सिफाने 'आत ये' म्हटलं असतं तर अडवायची कुणाची छाती नव्हती. मी म्हटलं नाही.

हणमंता ओसरीतून बोलला. "सायब, बंदोबस्ताचे दगड रवायले तवा खड्डे म्या आन् माज्या बापानं खंदले. दर दगडाखाली पाटीभर कोळसा आन् फुटकी गाडगी घातल्यात. कोळसा कुजत न्हाई, वाळवी खात न्हाई. म्हनून घालत्यात. दगूड काय, चार गडी लावले की हलतो. खालचा कोळसा कोन हलवल? त्यो दगूड काढा आन् उकरून बगा. कोळसा निगाला तर पाटलाचं खरं. न्हाई निगाला तर दगूड चोरीचा."

गुरुबाईचे वकील नागनाथराव म्हणून होते, अंगाने किडकिडीत, स्वभावाने भिडस्त. त्यांनी अर्ज दिला की हणमंताला हद्दीचा माहिर म्हणून नेमावं आणि दोन्ही पक्षांसमोर दगडाखाली खणावं. पाटलांचे वकील शेरवानीची बटणं चाचपत उठले. "हा माणूस साक्षीदार आहे की माहिर? साक्षीदार असेल तर पाहिलं तेवढं सांगावं, दगडाखाली आज काय आहे ते त्याने पाहिलेलं नाही. माहिर असेल तर याची सनद कुठे आहे? शिवाय हा मुद्दालेहच्या खळ्यावरून धान्य नेतो." मुद्दालेह म्हणजे ज्याच्यावर दावा लावला तो, इथे गुरुबाई.

"पाटलाच्याबी खळ्यावरनं नेतो की," ओसरीतून हणमंता म्हणाला. "समद्या गावचंच खातो म्या."

ते वाक्य गफूरसाहेबांनी लिहायला टाक उचलला. मी मान हलवून नको म्हटलं. विचारल्याशिवाय बोललेलं लिहायचं नसतं.

माझे तीन प्रश्न आठवा. साध्या अकलेने कळण्यासारखं होतं का? एका कुदळीत कळलं असतं. माणसाला येत होतं का? तो खड्डे खणण्यापासून शिकला होता. पडताळून पाहता येत होतं का? अर्ध्या तासात, उन्हात, सगळ्यांसमोर. मांत्रिकाला ज्या कसोटीवर मी हाकललं, त्याच कसोटीवर हणमंता उभ्या राज्यातल्या कुठल्याही माहिरापेक्षा पक्का होता. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे वरच्या कोर्टाचं ते वाक्य होतं. बिदरी उस्ताद निदान खुर्चीवर बसला होता. हा तर ओसरीत उभा होता. याच्या शब्दावर निकाल दिला तर वर काय लिहितील, हे मी मनातल्या मनात वाचत होतो.

मी नागनाथरावांचा अर्ज फेटाळला आणि मोजणी खात्याचा मोजणीदार माहिर म्हणून नेमला.

मधल्या सुटीत गफूरसाहेब चहाचा पेला घेऊन जवळ आले. हळूच म्हणाले, "साब, चार कोस तो है. टांगा बोलूं क्या? शाम तलक वापस आ जाते. कुदाल वहींच मिल जाती."

"मी गेलो तर वरचे म्हणतील, मुन्सिफ स्वतःच साक्षीदार झाला."

"कहने देव ना, साब."

मी पुढचे कागद ओढून घेतले. त्यांनी पेला ठेवला आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

मोजणीदार तरुण होता, सभ्य होता, लाच खाणारा नव्हता. हे मुद्दाम लिहितो, कारण लोकांना लबाड माणूस सापडला की बरं वाटतं. त्याने साखळी टाकली, अंतरं घेतली, नकाशा काढला. नकाशा इतका सुबक की हातात धरून बघत राहावं. विहीर पाटलांच्या हद्दीत अकरा पावलं आत, असा अहवाल. नागनाथरावांनी त्या दिवशी मात्र भीड सोडली.

"साखळी कुठल्या दगडापासून लावली?"

"त्याच दगडापासून."

"तो मूळ जागी आहे कशावरून?"

"नकाशात तिथे दगड आहे. शेतात दगड आहे."

"दुसऱ्या दगडावरून पडताळा घेतला?"

"तो उभ्या जोंधळ्यात होता. गरज वाटली नाही."

"दगड हलवलेला आहे का, हे पाहिलं?"

"ते माझं काम नाही. दगडापासून पुढचं अंतर माझं."

याच ठिकाणी मी टाक खाली ठेवायला हवा होता. माहिराने आपल्या तोंडाने सांगितलं होतं की माझं ज्ञान दगडाच्या पुढे सुरू होतं. भांडण सगळं दगडाखाली होतं. मी लिहिलं, 'माहिर उलटतपासणीत टिकला.'

निकाल पाटलांच्या बाजूने गेला. गफूरसाहेबांनी वाचला आणि नागनाथरावांनी गुरुबाईला मराठीत समजावून सांगितला. ती रडली नाही. मला म्हणाली, "हीर गेली म्हनता. बरं. मालक तितं हायती, त्येंचं काय?"

मालक म्हणजे तिचा नवरा. तिकडे बायका नवऱ्याला मालक म्हणतात. मी मिसल, म्हणजे खटल्याचा गठ्ठा, उगाच चाळली. समाधीचा मुद्दा कुणी काढलाच नव्हता. पाटलांनी त्यांच्या सोयीने नाही, नागनाथरावांनी जिंकू या भरवशावर नाही. आणि मी, ज्याने विचारायला हवं होतं, त्याने विचारलं नव्हतं.

"तो मुद्दा दाव्यात नव्हता," मी म्हणालो.

मग गफूरसाहेबांनीच तिला हाताने दार दाखवलं, अगदी मवाळपणे.

अपील झालं आणि यावेळी निकाल कायम राहिला. वर लिहून आलं की मुन्सिफाने गावगप्पा बाजूला सारून योग्य माहिर नेमला आणि त्याच्या मताचा आधार घेतला, हे स्तुत्य आहे. ते वाक्य मी स्वतःच्या हाताने उतरवून घेतलं आणि घरी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या बाईचं काय झालं?" मी चिडलो. त्याच साली मला बढती मिळाली आणि माझी गुलबर्ग्याकडे बदली झाली. खरा निकाल दिला तेव्हा जोडा खाल्ला, खोटा दिला तेव्हा पाठ थोपटली गेली. वरच्यांना दोष देऊन मोकळं होता आलं असतं, पण खोटा निकाल माझ्या अक्षरातला होता.

सहा-सात महिन्यांनी एका सकाळी घराच्या फाटकाशी हणमंता उभा. दोन दिवस चालत आला होता. धोतराच्या फडक्याचं गाठोडं त्याने पायरीवर सोडलं. आत कोळशाचे खडे आणि गाडग्याच्या खापऱ्या होत्या.

"पाटलानं हिरीपासनं आपल्या जुन्या रानात पाट काडायला माणसं लावली सायब. दगडापासनं बारा-तेरा पावलं मागं खंदलं आन् ह्ये लागलं. हिरीच्या पल्याड, पाटलाच्या अंगाला. म्या बगताच वळीखलं. दगडाखालीबी उकरलं म्या. नुसती काळी माती. गुरुअक्काला सांगितलं तर ती म्हनली, सायबाला दावून ये."

मी खाली बसलो. एक खापरी हातात घेतली, तिच्यावर अजून काजळी होती. हा पुरावा होता. माझ्या सगळ्या नोकरीत इतका उघडा पुरावा कुणी पायरीवर आणून ठेवला नव्हता.

"आता काय करता यिल, सायब?"

"वकिलाला विचारा," मी म्हणालो.

कायद्याने हे उत्तर बरोबर आहे. न्यायाधीशाने कुठल्याही पक्षाला सल्ला द्यायचा नसतो. नागनाथराव प्रॅक्टिस सोडून सोलापूरला मुलाकडे राहायला गेले होते, हेही मला ठाऊक होतं. मला एक करता आलं असतं. दोन पंच बोलावून त्या गाठोड्याचा पंचनामा करता आला असता आणि वर कळवता आलं असतं की माझा निकाल चुकल्याचा पुरावा माझ्यासमोर आला आहे. असं कुणी केल्याचं ऐकिवात नव्हतं, पण मनाईही नव्हती. मी केलं नाही, कारण मग ते 'स्तुत्य आहे' पुसलं गेलं असतं. लाज वाटते, पण कारण एवढंच होतं.

हणमंताने गाठोडं पुन्हा बांधलं. घरातून भाकरी आणायला मी उठलो, तोवर तो रस्त्याला लागला होता. त्यानंतर तो फार जगला नाही असं कळलं.

पुढच्या हंगामात निर्ण्याला एका लग्नाला जायचं होतं. वाट त्या गावावरून जात होती. टांगेवाल्याला थांबवून मी शेतात शिरलो. का शिरलो, ते मला नीट सांगता येणार नाही. मनाला समजूत घालायला की शिक्षा करून घ्यायला, कोण जाणे. विहीर दिसली, चांगली बांधून काढलेली, तोंडापर्यंत पाणी. भोवती पाटलाची हळद उभी होती. समाधी कुठे दिसली नाही. सात-आठ बाया ओळीने खुरपत होत्या. त्यांतली एक उठून कपाळावरचा पदर सारत पुढे आली. ती गुरुबाई होती.

"सायब न्हवं का तुमी?"

मी हो म्हणालो. आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तुम्ही पाटलांच्याच शेतात मजुरीला?"

"मग कुटं जाऊ? भाऊ बलावतोय उदगीरला, पर मालक हितं हायती. दगूड काडून नेले पाटलानं, नांगर फिरला. मला जागा म्हाईत हाय. तितं म्या दुसऱ्या कुनाला खुरपू देत न्हाई. म्याच खुरपती."

आवाजात रडं नव्हतं, रागही नव्हता. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "एक इचारू का, सायब? कोर्टापासनं चार कोस ह्ये रान. आज कुनी बलावलं न्हाई तर आलात. तवा कामून आला न्हाईत?"

माफी मागायची तर ती वेळ होती. तोंडावर शब्दही आले असतील. पण मी, देवाशपथ सांगतो, तिला कायदा सांगायला लागलो. म्हणालो, न्यायाधीशाला स्वतः साक्षीदार होता येत नाही. म्हणालो, जिथे खास ज्ञान लागतं तिथे माहिर नेमावा लागतो आणि एकदा नेमला की त्याचं मत सहजी डावलता येत नाही. हात हलवत, बूट चिखलात रुतवत, दोन-चार पावलं पुढे जाऊन तिला समजेल अशा सोप्या मराठीत मी सगळं सांगितलं. बाकीच्या बाया खुरपी थांबवून ऐकत होत्या.

गुरुबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या पायांकडे बघत ती म्हणाली, "जरा बाजूला व्हता का, सायब? त्येंच्या अंगावर हुभे हायत तुमी."